दोनदा दिलेली मोकळीक

बारकी भट्टीवाल्याच्या घरी आली ती दुष्काळाच्या वर्षी. बापाने तिला जवाच्या दोन पोत्यांच्या बदल्यात आणून सोडलं आणि मागे वळून न बघता तो निघून गेला. इब्री लोकांचा कायदा जुना आणि स्पष्ट होता. आपल्याच माणसाला सहा वर्षं राबवा, सातव्या वर्षी मोकळं करा. भट्टीवाल्याला तो तोंडपाठ होता. पण सातवं वर्ष आलं आणि गेलं, कोणी विषय काढला नाही, आणि आपण होऊन विषय काढायला भट्टीवाला काही खुळा नव्हता. बारकी जात्याशी बसायची, तिने दळलेल्या पिठाच्या रोट्या भट्टीत टम्म फुगायच्या, आणि तो चारचौघांत म्हणायचा, "पोर घरच्यासारखी आहे हो." घरच्यासारखी खरीच. फक्त जेवायला सगळ्यांच्या, भट्टीवाल्याच्या लेकीच्याही, शेवटी बसायची.

पुढे उत्तरेकडून परकं सैन्य आलं आणि शहराला वेढा घालून बसलं. वेशी बंद झाल्या, धान्य मापाने मिळू लागलं, तेव्हा लोकांना देव आठवला आणि देवापाठोपाठ कायदाही आठवला. राजाने घरंदाज माणसांना मंदिराच्या अंगणात बोलावलं. वासरू कापून त्याचे दोन भाग समोरासमोर ठेवले होते. एकेकाने मधून चालत जायचं आणि म्हणायचं, "माझ्या घरचे दास-दासी मी मोकळे केले. शब्द मोडला तर माझी गत या वासरासारखी होवो." भट्टीवालाही चालला. रक्त लागू नये म्हणून अंगरख्याचा काठ त्याने वर धरला होता, आणि तोंडाने शपथ घेताना मनात म्हणत होता, बरंच झालं, खाणारं एक तोंड कमी.

घरी येऊन त्याने बारकीला सांगितलं. ती पिठाचे हात तसेच धरून बसून राहिली.

"काका, म्हणजे आता मी कोणाची?"

"कोणाची नाहीस. तुझी तू."

महिनाभरात तिने तटाजवळ राहणाऱ्या एका दोरवाल्याशी लग्न केलं. भट्टीवाल्याच्या बायकोने तिला एक जुनी घोंगडी दिली आणि तेवढ्यावरून आठवडाभर शेजारपाजाऱ्यांकडून कौतुक करून घेतलं.

मग दक्षिणेच्या राजाची फौज मदतीला निघाल्याची बातमी आली. वेढा घालणाऱ्यांनी तंबू गुंडाळले आणि ते तिच्यावर चालून गेले. वेशी उघडल्या. लोक रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारू लागले. गरज सरो, वैद्य मरो, तसंच झालं. आधी राजवाड्यातल्या अधिकाऱ्यांनी आपली सोडलेली माणसं धरून आणली, मग व्यापाऱ्यांनी, मग गल्लीतल्या सोनाराने. इकडे भट्टीवर रोट्यांची मागणी पुरी होईना. दळून दळून बायकोच्या तळहातांना फोड आले.

"सोनाराने दोघी परत आणल्या," ती म्हणाली. "आपणच तेवढे साधुसंत का?"

"शपथ घेतली आहे मी."

"सोनारानेही घेतली होती. पडली का वीज त्याच्यावर?"

भट्टीवाल्याने दोन दिवस नाही-नाही म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी तो उठून तटाकडे गेला.

दोरवाल्याची खोली एकच, पण स्वच्छ. बारकी नव्या चुलीला मातीचा हात देत होती. त्याला दारात बघताच तिचा चेहरा उजळला. "काका, तुम्ही? अहो, या ना, बसा," म्हणत तिने घोंगडी अंथरली, पाणी दिलं, आणि नवऱ्याला हाक मारून म्हणाली, "अहो, बघा तरी कोण आलंय. माझ्या माहेरचं माणूस आलंय."

भट्टीवाला पाणी प्यायला. भांडं खाली ठेवलं. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "चल पोरी. काम पडलंय."

"एक-दोन दिवसांसाठी ना, काका? काकूंना बरं नाही का?"

तो उठून उभा राहिला. दोरवाला पुढे झाला तेव्हा भट्टीवाल्याने अधिकाऱ्याच्या शिपायांचं नाव घेतलं. आता सगळा कायदा त्यांच्या हातात होता. बारकीने एकदा नवऱ्याकडे बघितलं, हात धुतले आणि ती निघाली. वाटभर ती त्याच्या मागून चालली. एका शब्दानेही बोलली नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

शहरात एक संदेष्टा होता. सतत वाईटच सांगतो म्हणून लोक त्याला अपशकुनी म्हणत. त्या आठवड्यात तो रोट्यांच्या गल्लीतही येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही, पण भट्टीपर्यंत ऐकू येत होतं.

"परमेश्वर म्हणतो, तुम्ही आपल्या भावाबहिणींना मोकळीक दिलीत, माझ्या नावाच्या घरात शपथ घेतलीत, आणि फिरलात. ठीक आहे. आता मी तुम्हाला मोकळीक देतो. तलवारीला मोकळे, रोगराईला मोकळे, उपासमारीला मोकळे. कापलेल्या वासराच्या मधून चाललेल्यांची गत वासरासारखी होईल. गेलेलं सैन्य मीच परत बोलावतो."

सोनार हसला. भट्टीवालाही हसला, कारण सोनार त्याच्याकडे बघत होता.

थोड्याच दिवसांत फितुरीचा आळ घेऊन संदेष्ट्याला कैद केलं आणि खरोखरच सैन्य परत आलं. राजा मात्र मनातून त्याला भीत असावा. त्याने हुकूम काढला की कैद्याला पहारेकऱ्यांच्या चौकात ठेवावं आणि रोट्यांच्या गल्लीतून रोज एक रोटी द्यावी. ती पोचवण्याचं काम भट्टीवाल्यावर आलं.

पहिल्या दिवशी त्याने खाली मान घालून रोटी पुढे केली. संदेष्टा कित्येक दिवसांचा उपाशी असल्यासारखा दिसत होता, तरी सावकाश खात होता.

"पीठ छान आहे," तो म्हणाला. "कुठे कच लागत नाही. घरात दळतं कोण?"

"बायको," भट्टीवाला म्हणाला.

"तिला सांग, बरं दळते म्हणून."

बस, एवढंच. या माणसाने आपल्याला ओळखावं, चार लोकांत वाभाडे काढावेत, याची तयारी करूनच भट्टीवाला गेला होता. संदेष्ट्याने नुसता विश्वास ठेवला. घरी येईपर्यंत भट्टीवाल्याचे कान तापले होते. बारकी जात्याशी होती.

"चौकातला कैदी म्हणाला, पीठ छान आहे."

तिने खुंटा थांबवला. "कोणी दळलं ते सांगितलंत?"

तिने पुन्हा जातं ओढायला घेतलं. तो तिथेच उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, "ऊठ. तुला घरी सोडतो."

"एकदा सोडलं होतंत."

बायकोने आतून कडाकडा बोटं मोडली, पण तो थांबला नाही. भर दिवसा, गल्लीतून, तो बारकीच्या पुढे चालत गेला. सोनार दुकानातून म्हणाला, "काय हो, आता यात कुठलं पुण्य? वेढा परत पडलाय, आता आम्हीही सोडू." त्यात खोटं काही नव्हतं. दोरवाल्याने दार उघडलं, बायकोला आत घेतलं, आणि भट्टीवाला माफीचे शब्द जुळवत असतानाच दार लागलं. तो थोडा वेळ बंद दारासमोर उभा राहिला. मग काय बोलायचं होतं तेच त्याला आठवेना.

त्यानंतर जातं तो स्वतः ओढू लागला. पीठ जाडंभरडं निघायचं. संदेष्ट्याने एकदाही नावं ठेवली नाहीत. एके दिवशी भट्टीवाल्याने त्याला सगळं सांगितलं. संदेष्ट्याने ऐकून घेतलं. "मला कशाला सांगतोस?" तो म्हणाला. "मी कुठे दळत होतो?"

मग शहरातली शेवटची रोटी संपली आणि तट फुटला.

जेत्यांनी घरदारवाल्यांना दोरांनी बांधून दूरदेशी न्यायला काढलं. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, त्यांना मागे ठेवून धन्यांची पडीक शेतं आणि मळे वाटून दिले. भट्टीवाला, त्याची बायको आणि मुलगी रांगेतून चालली होती. रस्त्याच्या कडेला एका मळ्याच्या बांधावर काही माणसं हद्दीचे दगड लावत होती. त्यांत दोरवाला होता, आणि पदर खोचून दगड उचलणारी बारकी.

"अगबाई, बारकी ती," बायको म्हणाली. "आपल्या पोरीला पाणी तरी देईल. हाक मारते."

"नको," भट्टीवाला म्हणाला. "कोणत्या तोंडाने?"

त्याने मान इतकी खाली घातली की पुढच्याच्या टाचा तेवढ्या दिसत होत्या, आणि मळा मागे पडेपर्यंत त्याने ती वर केली नाही.