भिंगरीने पारखलेला स्पीकर

स्पीकर आमच्या घरी आला तो मुलाच्या काखेतून, कलिंगड आणावं तसा. माझा मुलगा पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. तिथल्या कामगारांची वर्षातून एकदा घरच्यांसकट गावाबाहेरच्या मैदानावर सहल असते. जेवण, गाणी, पोराटोरांच्या शर्यती. गेल्या वर्षी भाड्याने आणलेल्या मोठ्या स्पीकरने ऐन वेळी मान टाकली, म्हणून यंदा आपलाच एक घ्यायचं ठरलं: स्वस्त, दणकट, काखेत मावेल असा आणि वायरीशिवाय मोबाइलवर चालणारा. आणि हे काम पडलं माझ्या मुलाच्या गळ्यात.

"दुकानदार म्हणाला, चार दिवस वापरून बघा, नाही पटला तर परत आणा," तो म्हणाला. "म्हटलं, बाबांकडेच न्यावा. तुम्ही जन्मभर पोरांच्या परीक्षा घेतल्यात, आता याची घ्या."

माझी लेक आणि तिची मुलगी भिंगरी माझ्याजवळच राहतात. जावयाची फिरतीची नोकरी. भिंगरी नऊ वर्षांची आहे आणि एका जागी पाच मिनिटं टिकत नाही, म्हणून तिला हे नाव पडलं. तिला जन्मापासून दिसत नाही. घरात, जिन्यावर, शाळेच्या वाटेवर ती बिनधास्त वावरते. पण सहलीच्या शर्यतीत दर वर्षी तिची आई तिचा हात धरून पळते. गेल्या वर्षी शर्यत संपल्यावर भिंगरी फणकारली होती, "शर्यतीत आईच पळाली. मी नुसती लोंबकळत होते." तेव्हापासून तिचा एकच धोशा होता: पुढच्या वेळी मी एकटी पळणार.

आईचं उत्तरही एकच होतं. "बघू."

"बघू म्हणजे नाही," भिंगरी मला समजावून सांगायची. "मोठी माणसं नाही म्हणायला लाजतात."

स्पीकर टेबलावर ठेवल्याबरोबर तिने तो हातांनी वाचून काढला. गोल नळकांडं, वरून जाड रबर, दोन्ही टोकांना पातळ पडदे, अडकवायला पट्टा. चालू केल्यावर त्यातून एक बाई इंग्रजीत काहीतरी ठणकावून बोलली. भिंगरीने दचकून हात मागे घेतला आणि मग म्हणाली, "ही आमच्या मुख्याध्यापिकांची बहीण दिसते."

परीक्षेत पहिला पुढे आला तो माझा नातू, म्हणजे मुलाचा मुलगा. त्याला घरात पंडित म्हणतात, कारण विचारायच्या आधीच तो उत्तर देतो. त्याने स्पीकर जिन्यावरून खाली सोडला. धपाधप उड्या मारत तो दारापर्यंत गेला, आणि गाणं चालूच. मग बादलीत बुडवला, तर त्याला जरा खोकला झाल्यासारखा आवाज आला. बाहेर काढून झटकल्यावर पुन्हा ठणठणीत. मातीत लोळवला, ओल्या फडक्याने पुसला. पंडितला असा अभ्यास जन्मात मिळाला नव्हता.

"पास!" तो ओरडला.

"अरे, हा मार खाण्यात पास झाला," मी म्हणालो. "ज्या कामासाठी घ्यायचा, ते काम कुठे बघितलं?"

म्हणून संध्याकाळी आम्ही सगळे वसाहतीमागच्या मोकळ्या पटांगणात गेलो. स्पीकर एका टोकाला ठेवून मुलाने नाचाचं गाणं लावलं. घरात भिंती हादरवणारं गाणं उघड्यावर निम्मंच उरलं. तरी ऐकू येत होतं. भिंगरी दुसऱ्या टोकाला उभी होती. ती मान वाकडी करून ऐकत राहिली आणि एकदम म्हणाली, "आजोबा, शर्यतीच्या टोकाला हा ठेवला, तर मी याच्याकडे पळू शकेन!"

माझी लेक माझ्याकडे बघायला लागली, जणू मीच हे पढवलं होतं.

"मग त्याला स्पीकर कशाला? मी उभा राहून हाका मारतो की," पंडित म्हणाला.

"तू हाका मारता मारता सरकतोस आणि मग हसतोस. विहिरीत पाडशील मला."

"बरं, मी मारीन हाका," तिची आई म्हणाली.

"तू 'ये' कमी आणि 'हळू' जास्त म्हणतेस, आई. तुझ्याकडे पळता येत नाही, फक्त चालता येतं."

लेकीने पदर खांद्यावर ओढून घेतला. राग आला की ती असंच करते. पण मुलगी खोटं बोलत नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे. घ्या परीक्षा. हा मध्ये एकदाही बंद पडता कामा नये, आणि ही सरळ त्याच्यापाशी पोचली पाहिजे. नाहीतर यंदाही हात माझ्या हातात. मग रडायचं नाही."

"कबूल," भिंगरी म्हणाली, आणि निघाली. निघाली ती थेट कुंपणाच्या दिशेने. मामाने धावत जाऊन तिला अडवलं.

"असं कसं?" तिचा आवाज रडवेला झाला. "गाणं सगळीकडूनच येतंय."

मी तिला जवळ बसवलं. अशा वेळी उत्तर सांगून टाकायचा मोह होतो, पण पोराने आपलं आपण शोधलेलं उत्तर पोराजवळ राहतं. "तू घरात मला कशी शोधतेस?" मी विचारलं.

"तुमच्या चपलांवरून. चट् चट्."

"आणि मी देवळातल्या घंटेसारखा नुसता घुमत राहिलो तर?"

ती हसली. मग हसता हसता थांबली. "घुमणारं नको. टकटक पाहिजे. बारीक, कडक."

आता आमच्या स्वयंपाकघराची परीक्षा सुरू झाली. भिंगरी कान देऊन एकेक वस्तू वाजवून नापास करत गेली. परात फार वेळ गुणगुणत राहते. काचेचा पेला घाबरट वाजतो. लाटणं ओट्यावर आपटलं की शेजारच्या काकू भिंत ठोकतात. शेवटी लाकडी चमचा आणि तिच्याच शाळेच्या डब्याचं झाकण पास झालं. तो आवाज पंडितने बापाच्या मोबाइलवर भरून घेतला आणि एकामागून एक असा जोडला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पटांगण. टकटक सुरू झाली आणि भिंगरी पळण्याऐवजी चालत निघाली, पण सरळ! अर्ध्या वाटेवर मात्र आवाजच गेला. भिंगरी जागच्या जागी थिजली. माझी लेक पुढे झाली आणि तिने तिचा हात धरला.

"बघितलंत?" एवढंच ती म्हणाली.

मुलगा स्पीकर उलटासुलटा करून पाहायला लागला, तोच टकटक पुन्हा सुरू झाली. तो भिंगरीजवळ परत जायला वळला, तर परत बंद. पंडितने मोठ्या गंभीरपणे निदान केलं, "बाबा, तुम्ही पाठ फिरवली की बंद पडतो. त्याला तुमचा राग आलाय."

निदान हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मोबाइल मुलाच्या पुढच्या खिशात होता. तो स्पीकरकडे तोंड करून उभा असला की ठीक. पाठ केली की मध्ये त्याचं सगळं शरीर यायचं आणि लांबवरची जोडणी तुटायची. मी दोन्ही पोरांना ते समजावून सांगितलं. "म्हणजे मामाचं पोट आडवं आलं!" भिंगरी आनंदाने ओरडली. त्या मोबाइलची रवानगी स्पीकरशेजारीच झाली. मग ती पळाली. पहिल्यांदा जपून, मग जरा मोकळी, मग वेण्या उडवत. स्पीकर ओलांडून माझ्या अंगावर आली तेव्हा तिचं काळीज माझ्या हाताखाली धडधडत होतं.

आईने तिला पाच वेळा पळवलं. पाचही वेळा ती पोचली. तेव्हा कुठे आई म्हणाली, "पळ बाई. पण माझा जीव टांगणीला लागणार, हे लक्षात ठेव."

सहलीच्या दिवशी ऊन छान होतं. मैदान माणसांनी फुललं होतं. खोकी चिकटवणाऱ्या बायका, ट्रकवाले, हिशेबनीस, सगळ्यांची पोरं. सकाळी स्पीकरवर गाणी वाजली, सूचना झाल्या, कुणाचं तरी बाळ हरवून सापडलं. दुपारी शर्यती लागल्या. भिंगरीला कडेची पट्टी दिली. समोरच्या रेषेपलीकडे स्टुलावर स्पीकर, शेजारी मोबाइल, शेजारी मी. पंडित गवतात डोकं घालून आपल्या बहिणीच्या वाटेतले खडे वेचत होता. कुणी बघितलं की तो बूट बांधत असल्याचं दाखवायचा.

लेक मैदानाच्या मध्यावर दोरीबाहेर उभी होती. तिच्या हातातलं ताट कधीचं निवलं होतं.

शिट्टी झाली. पोरं सुटली. टकटक, टकटक, टकटक. भिंगरी सुरुवातीलाच अशी काही झेपावली की दोघीतिघी तिच्या मागे पडल्या. आणि ते बघून मैदान उठून उभं राहिलं.

सगळ्यांना ती माहीत होती. दर वर्षी आईच्या हाताला धरून येणारी ती आज एकटी पळत होती. बायकांनी टाळ्या पिटल्या, पोरांनी ताटं वाजवली, ट्रकवाल्यांनी घसा फोडून "भिंगरी! भिंगरी!" सुरू केलं. माझा मुलगा तर सगळ्यांच्या वर ओरडत होता. आम्ही स्पीकर मातीत लोळवला होता, पाण्यात बुडवला होता, पोटाआड धरून पाहिला होता. पण रिकाम्या पटांगणात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. या पोरीवर इतकी माणसं एकदम माया करतील, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

स्पीकर माझ्या हाताच्या अंतरावर होता, आणि मलाच ऐकू येईना.

भिंगरीचा वेग कमी झाला. ती एकदा डावीकडे वळली, मग उजवीकडे. मग थांबली. बाकीच्या मुली रेषा ओलांडून गेल्या. ती थांबलेली पाहून लोकांना वाटलं तिला धीर द्यायला हवा, म्हणून ते आणखी मोठ्याने ओरडायला लागले. मी हात हलवत होतो, पण सगळ्यांची नजर तिच्यावर. लेकीने ताट खाली टाकलं. ती दोरीखालून आत शिरली.

भिंगरीने दोन्ही हात वर केले. आणि वर्गात गोंधळ झाल्यावर बाई ओरडतात ना, तशी ती ओरडली:

"गप्प बसा सगळे! मला ऐकू येत नाहीये!"

पुढच्या रांगेतले चपापले. त्यांनी मागच्यांना दटावलं, मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना. शांतता मैदानावर चादरीसारखी पसरत गेली. एक बाळ रडत होतं, त्याला आईने पदराखाली घेतलं. माझी लेक होती तिथेच एका पायावर उभी राहिली. दुसरं पाऊल टाकलं तर त्याचाही आवाज होईल, म्हणून.

टकटक. टकटक.

भिंगरीने मान वळवली. अगदी थोडी, डावीकडे. मग हात खाली घेतले आणि पळाली. एवढी माणसं आणि ऐकू येत होती ती फक्त झाकणावरची टकटक आणि तिच्या पावलांचा आवाज. ती रेषा ओलांडून स्टुलावर आदळली, स्टूल माझ्यावर, मी गवतात. मग मात्र मैदानाने जो काही आवाज केला, तो बहुधा गावात ऐकू गेला असेल.

"कितवी आले?" तिने माझ्या छातीवर बसूनच विचारलं.

"शेवटून पहिली," मामा धापा टाकत येऊन म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"तुम्हीच ओरडलात म्हणून! नाहीतर चौथी आले असते."

लेक आली. तिने मुलीचे गुडघे तपासले, कोपरं तपासली, काहीच लागलेलं नाही म्हटल्यावर तिथेच गवतावर बसकण मारली आणि पोटभर हसली. किती तरी दिवसांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. "बाबा, बंद करा ते आता," ती मला म्हणाली. "डोकं उठलं माझं."

पण बंद करायची सोय नव्हती. पंडितने डोळ्यांना रुमाल बांधला होता आणि तो टकटकीकडे पळत सुटला होता. तो थेट पाण्याच्या पिंपात गेला. मग कारखान्यातल्या सगळ्या पोरांची रांग लागली. एक वाकडा गेला, एक गोल फिरून सुरुवातीलाच परतला. भिंगरी स्टुलाजवळ उभी राहून एकेकाला सूचना देत होती. "पाय मोजू नकोस, ऐक. घाई झाली की थांब. थांबलं तरी चालतं."

"मामा, हा परत नाही करायचा हं," तिने मध्येच बजावलं.

"कोण परत करतंय! दुकानदार आला तरी देणार नाही."

जरा वेळाने रांगेच्या शेवटी माझी लेक उभी दिसली. तिने पदराचं टोक डोळ्यांवर गच्च बांधलं. तीन पावलं टाकून ती थांबली, दोन्ही हात पुढे धरून, अगदी लहान मुलीसारखी.

"कोण आहे?" भिंगरीने मला हळूच विचारलं.

"आई."

तिने सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. मग "हळू" न म्हणता ती म्हणाली, "ये."