दत्तोबाच्या गोठ्यात गेलेला विहार

विहार अजून बांधलाही नव्हता, तरी पौर्णिमेच्या दिवशी भर सकाळी तो दत्तोबाच्या गोठ्यात घुसला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. टॅबलेटवर, पण पाहिलं.

आमचं मूळ गाव कळस, राहायला आम्ही बारामतीत. माझी लेक मोनाली आर्किटेक्ट झाली आणि गावच्या नव्या बुद्धविहाराचा नकाशा तिनं काढला. त्यात सभागृहाला लागून एक अभ्यासिका होती. मोनालीनं स्वतः बारावीचा अभ्यास माझ्या शिलाई मशीनच्या खडखडाटात केलेला, त्यामुळे शांत खोलीवर तिचा फार जीव. पण विहार कमिटीचे अध्यक्ष नाना, म्हणजे माझे चुलत सासरे, नकाशा उलटासुलटा करून म्हणाले होते, "कागदावर समदंच मावतं, पोरी. जागा केवढी हाय बघितलीस का? अभ्यासिका काढून टाक."

पौर्णिमेला सगळ्यांसमोर काय ते ठरणार होतं. म्हणून मोनालीनं एक ॲप तयार केलं. मोकळ्या जागेसमोर टॅबलेट धरायचा, की तिथं आख्खा विहार उभा राहिलेला दिसतो, खऱ्या मापाचा. भोवती फिरा, दारातून आत जा. बारामतीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये मीच तो घेऊन फिरले होते. शेजारणीला वाटलं मला चक्कर येतेय. पण विहार तसूभर हलला नव्हता.

कळसला मात्र गावानं जय्यत तयारी केली होती. जागेवरचा दगड न् दगड वेचून लांब नेऊन टाकलेला, पाणी मारून रोलर फिरवलेला, आणि त्यावर मंडपवाल्याचं कोरं पांढरं कापड अंथरलेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चपला सगळ्यांनी रस्त्याकडेला काढलेल्या. माणसंही पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली आणि मोनालीनं टॅबलेट नानांच्या हातात दिला.

विहार उभा राहिला. "अगं बया!" नानांच्या मागून डोकावत रंगुबाई काकी म्हणाल्या. काकी म्हणजे नानांच्या कारभारीण. नाना दोन पावलं पुढं गेले, तसा विहार थरथरला आणि बाजूला सरकत सरकत बांध ओलांडून गेला.

बांधापलीकडचं रान आणि गोठा दत्तोबाचा. तोही बघायला आला होता. त्यानं नानांच्या खांद्यावरून नजर टाकली.

"नाना, तुमची अभ्यासिका माझ्या म्हशींच्या अंगावर आली की! आदी मोजणी आणा, मग काय ते बोला."

"आरं, ते खरं न्हाय."

"आज खरं न्हाय, उद्या पाया खणाल. बांधाचं असंच सुरू व्हतं."

नानांनी टॅबलेट मोनालीला परत दिला. "बघितलंस? तुझं मिशीनच सांगतंय. जागा पुरत न्हाय."

मोनालीचं तोंड उतरलं. मी पुढं झाले आणि कॅमेरा पदरानं पुसला. विहारावर धुकं पसरलं.

"आई, सकाळी केसांना तेल लावून हात पदराला पुसलास ना?"

"थोडासा."

"तू फक्त उभी राहा."

मी उभी राहिले. तिनं काच रुमालानं स्वच्छ केली, नानांकडं थोडा वेळ मागितला आणि कामाला लागली. आधी ॲप बंद करून चालू केलं. विहार गोठ्यात. मग दोघांना चादर धरायला लावून सावली केली. गोठ्यातच. मशीनचा दोरा तुटायला लागला की मी आधी सुई बघते, मग बॉबिन, मग ताण. एका वेळी एकच. तिचं तसंच चाललेलं बघून मला बरं वाटलं. नंतर ती म्हणाली, "कुणी हलू नका." गाव फोटोला उभं राहिल्यासारखं उभं राहिलं. आणि विहारही जागेवर थांबला! तेवढ्यात काकी पदर सावरत सावलीकडं निघाल्या, आणि विहार त्यांच्या मागं.

"काकी, इमारत घिऊन कुठं निघाला?" दत्तोबा ओरडला.

सगळे हसले. मोनाली हसली नाही. तिनं टॅबलेट गोठ्याकडं वळवला आणि मुद्दाम तिथंच विहार उभा केला. शेणाच्या गोवऱ्या, दावी, भेगाळलेली भिंत, आणि त्यांत विहार खिळा ठोकल्यासारखा गच्च.

"कापड!" ती म्हणाली. "नाना आजोबा, हा कॅमेरा जमिनीवरच्या खुणा धरून चालतो. डाग, भेग, दगडाची कड. पांढऱ्या कापडावर खूणच नाही. मग तो हलत्या माणसांना खूण समजतो आणि त्यांच्याबरोबर जातो."

आमच्या पार्किंगमध्ये ऑइलचे डाग आणि फुटक्या फरश्या होत्या. तिथल्या घाणीचा मला पहिल्यांदाच अभिमान वाटला.

कापड गुंडाळलं. खाली रोलर फिरवलेली जमीन, तीही गुळगुळीत. मोनालीची नजर रस्त्याकडेला गेली. "चपला आणून पसरूया."

"इहाराच्या जागंत चपला?" नानांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. ते जास्त वाईट.

मला वाटलं, आता ही माघार घेणार. ती म्हणाली, "अवघड वाटतंय मलाही, आजोबा. पण प्रत्येक चप्पल वेगळी आहे, आणि जवळ दुसरं काही नाही."

"अन् गवंडी काय अनवाणी येणार हायती व्हय?" काकी म्हणाल्या. "इहार झाला की बाहेर काढू."

नाना रस्त्याकडं गेले, स्वतःचं पायताण उचललं आणि आणून जागेच्या मधोमध ठेवलं. मग काय, प्लॅस्टिकच्या, चामड्याच्या, अंगठा तुटलेल्या, सोनेरी बक्कलाच्या, साऱ्या गावाच्या चपला आत आल्या.

या वेळी विहार हलला नाही. नाना टॅबलेट धरून चौफेर फिरले. दत्तोबा बांध ओलांडून त्यांच्या बरोबर. "ट्रॅक्टर जाईल एवढी जागा सुटतीय," शेवटी तोच म्हणाला. "आतच हाय."

मग नाना अभ्यासिकेत शिरले. आम्हाला दिसत होतं ते एवढंच, की एक म्हातारा माणूस मोकळ्या जमिनीवर उभा राहून मान वर करून बघतोय.

"पोरी, ह्या खिडकीतनं दुपारचं ऊन डोळ्यावर येईल."

"उत्तरेला घेते, आजोबा."

"घे." ते माणसांकडं वळले. "अभ्यासिका ऱ्हाणार. आमच्या पोरीनं मापात बसिवली हाय."

आमच्या पोरीनं! इतकी वर्षं ती माझी एकटीची असल्यासारखी मी मिरवत होते. वाटून घ्यायलाही हरकत नव्हती म्हणायची.

मोनालीनं टॅबलेट पिशवीत टाकला. जागेवर आता नुसत्या चपला. काकी आपल्या आणायला निघाल्या. त्यांची चप्पल समोरच, चार पावलांवर होती. पण काकी सरळ गेल्या नाहीत. वळसा घालून दार होतं तिथं आल्या, तिथून आत गेल्या, चपला हातात घेतल्या आणि दारातूनच बाहेर पडल्या. त्यांच्यामागून बाकीचेही तसेच, रांगेनं.

"आई, बघ ना," मोनाली हळूच म्हणाली.

मी बघतच होते. भिंतीतून कुणीही गेलं नाही.