ठिपकीचे पाय सोडा!

पार्वतीबाईंनी जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं. दुपारी मेंढ्यांची लोकर कातरायला रुपराव येणार होता.

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालच्या फाल्गुनातली. शहराबाहेरच्या हुडकेश्वरला तेव्हा वस्ती विरळ होती. पार्वतीबाईंचे यजमान देवराव शहरात रामदासपेठेतल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. जनावरांचा नाद त्यांना लहानपणापासूनचा, म्हणून घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी पाच मेंढ्या पाळल्या होत्या. विकायला नाहीत, कापायला नाहीत, निव्वळ हौसेच्या. माणूस वाईट नव्हता. पण त्यांचा आवाज चढला की घरातली भांडीसुद्धा जपून वाजत.

मागच्या वर्षीचा दिवस पार्वतीबाईंच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. काजळी नावाची मेंढी रुपरावने आडवी पाडली, सुतळीने चारही पाय आवळले, आणि देवरावांनी तिच्या मानेवर गुडघा दाबून धरला. ती तडफडली. कातर सटकली आणि पोटाची कातडी फाटली. पुढे जखमेवर माशा बसल्या, किडे पडले आणि आठव्या दिवशी काजळी गेली. "जनावर आहे, मरतेच," एवढंच देवराव म्हणाले होते. जखम पार्वतीबाईंनी तिसऱ्याच दिवशी पाहिली होती. डॉक्टरला बोलवा म्हणायला गेल्या, पण नवऱ्याच्या कपाळावरची आठी पाहून परत फिरल्या होत्या.

आता काजळीचीच लेक, ठिपकी, कातरणीला आली होती.

वस्तीबाहेरच्या पडीक वावरात सखूबाई धनगरणीचा कळप उतरला होता. नवऱ्यामागे तीच लोकर कातरायची. सकाळी विहिरीवर भेट झाली तेव्हा पार्वतीबाईंनी तिला सगळं सांगितलं.

"मंग मले बोलव ना वं," सखूबाई म्हणाली. "पाच मेंढ्यांचं काम, मी निवांत करतो."

"त्यायले नाही चालणार."

"इचारलं काय तू?"

पार्वतीबाईंनी भरलेली घागर उचलली. विचारायचं धैर्य कुठून आणायचं?

दुपारी रुपराव आला. आल्या आल्याच घाई. त्याला अजून दोन घरं करायची होती. ऊन रणरणत होतं आणि मेंढ्यांचं नुकतंच भरपेट खाणं झालेलं होतं. कातर पाहताच ठिपकी कोपऱ्यात शिरली आणि भिंतीला अंग घासत थरथरू लागली.

"पकडा जी तिले!" रुपराव ओरडला.

देवरावांनी तिची तंगडी ओढली. ठिपकी धाडकन पडली. सुतळी आवळली गेली. मानेवर गुडघा आला. पार्वतीबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. ठिपकीने दोन झटके दिले आणि एकदम ती शांत झाली.

"पाहा, आली ना लायनीवर!" देवराव म्हणाले.

पण पार्वतीबाईंना तिचं तोंड दिसत होतं. जीभ बाहेर आली होती. डोळे पांढरे झाले होते. पोट फुगलेलं, आणि श्वास? श्वास दिसतच नव्हता!

"थांबा!" स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. "ठिपकीचे पाय सोडा! मरून राहिली ती!"

"तू आत जाय!" देवराव गरजले. त्यांचा हात वर गेला. पार्वतीबाईंनी डोळे घट्ट मिटले, पण पाऊल मागे घेतलं नाही. कुडाला खोचलेला विळा ओढून त्यांनी सुतळी कापली आणि तशाच अनवाणी वावराकडे धावत सुटल्या.

सखूबाई आली तेव्हा ठिपकी निपचित होती. तिने तिला उचलून निंबाच्या सावलीत पोटावर बसवलं, मान सरळ धरली आणि डाव्या कुशीवर तळहाताने हळूहळू चोळू लागली. देवरावांचा चेहरा उतरला होता. पार्वतीबाई मनात एकच म्हणत होत्या, देवा, हिले जाऊ देऊ नको. बऱ्याच वेळाने ठिपकीला ढेकर आली, तिने एक मोठा श्वास घेतला आणि कान हलवला.

"हिची लोकर आता आठ दिवस नाही कातरायची," सखूबाई म्हणाली. "आन् त्या दिवशी सकाळी उपाशी ठेवजा. भरल्या पोटानं पाडली का दम कोंडते."

"पण मघाशी तर शांत झाली होती," देवराव पुटपुटले.

"शांत नाही झाली बाबूजी, भेली. भेवानं गप झालेलं जनावर आन् भरवशानं गप झालेलं जनावर लांबून सारखंच दिसते."

"मेंढीले काय समजते भरवसा?"

"तुमचा हात समजते. ठेवा इथं."

तिने त्यांचा हात ठिपकीच्या छातीवर ठेवला. आत काळीज इतक्या वेगाने धडधडत होतं की देवरावांनी दचकून हात काढून घेतला. "इतकं?" ते म्हणाले.

आठ दिवसांनी सकाळच्या गारव्यात सखूबाईने ठिपकीला ढुंगणावर बसवलं आणि तिची पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवली. दोरी नाही, दाब नाही. पाय हवेत ठेवून ठिपकी सैल पडली. सखूबाई डाव्या तळव्याने कातडी ताणून घेई आणि कातर आडवी, अंगालगत चालवी. मध्येच मेंढी चुळबुळली की ती थांबे, काहीबाही पुटपुटे, मग पुन्हा सुरू करी. लोकर घोंगडीसारखी एकसंध उतरली. खाली गुलाबी कातडी, आणि एक ओरखडा नाही! रुपरावही पाहायला आला होता. "मी तर दोरीशिवाय हातच नाही लावला कधी," तो ओशाळून म्हणाला आणि पुढच्या मेंढीला सखूबाईच्या शेजारी बसून त्याने हात शिकून घेतला.

पार्वतीबाईंनी सगळ्यांना चहा आणला. देवरावांपुढे कप धरताना त्यांचा हात नेहमीसारखाच किंचित कापला. इतकी वर्षं देवरावांनी ते कधी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं.

माणसं गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पार्वती, तुले माहा भेव वाटते?"

पार्वतीबाईंनी हातातला रिकामा कप खाली ठेवला. खोटं बोलणं सोपं होतं.

"वाटते," त्या म्हणाल्या. "काजळीची जखम मी तिसऱ्याच दिवशी पाहिली होती. बोलली असती तर वाचली असती ती. पण तुमच्या भेवानं नाही बोलली."

देवराव ओट्यावर बसले. जनावर मरतेच, असं त्यांनी किती सहज म्हटलं होतं! "चुकलो मी," ते म्हणाले. "मले वाटे, घर कसं शिस्तीत आहे."

देवरावांचा राग एका दिवसात गेला नाही. पण तो चढू लागला की पार्वतीबाई आता "थांबा" म्हणत, आणि देवराव थांबत. सुरुवातीला म्हणताना पार्वतीबाईंची छाती धडधडे. पुढे पुढे तेही कमी झालं.

बंधूंनो, भगिनींनो, आपल्या धाकात जे मुकाट राहतात, मग ते गोठ्यातलं जनावर असो, कचेरीतला शिपाई असो की चुलीपुढची बाई, त्यांच्या मुकेपणाला आपण शिस्त समजतो. ती शिस्त नव्हे. ज्या घरात भीती असते, तिथली जखम कोणी दाखवत नाही, आणि न दाखवलेली जखमच जीव घेते. म्हणून आपला हात कोणाच्याही अंगावर टेकवण्याआधी, त्या अंगात काळीज किती धडधडतं आहे, ते एकदा तपासून पाहा!