एका तपासणीची तीन नावं

मीराबाईंच्या डोक्याचं पार दही झालं होतं. छातीतल्या गाठीचा तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला, इथपर्यंत सगळं नीट कळलं होतं. पुढे घोळ झाला. मोठे डॉक्टर म्हणाले, जेनेटिक टेस्ट करू. त्यांच्या हाताखालची डॉक्टरीण म्हणाली, म्युटेशन बघू. दवाखान्याच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, बायोमार्करच्या रिपोर्टला पुढच्या आठवड्यात या. आता बाईनं कुणाचं धरावं? त्यांनी आपल्यापुरतं ठरवलं, तपासण्या तीन आहेत, म्हणजे दुखणं भलतंच मोठं.

बाकावर शेजारी बसलेल्या बाईला त्यांनी विचारलं, "जेनेटिक म्हणजे काय वं?"

"घराण्यातून येते ते. आईचं पोरीले."

झालं. मीराबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. लेकीचं, रोशनीचं लग्न बुटीबोरीच्या प्रशिकशी ठरलेलं, आणि लपवाछपवी तर बाईंना जन्मात जमली नाही. पोरगी देताना घरातलं उणंदुणं आधी सांगून मोकळं व्हायचं, ही त्यांच्या घरची रीत. रोशनी मिहानच्या कंपनीत कामावर गेली आणि बाईंनी तिच्या होणाऱ्या सासूला, गोपिकाबाईंना फोन लावला.

"विहीणबाई, कॅन्सर आमच्या घराण्यातच हाय म्हणते. पोरीलेही होईन. तुम्ही पोरासाठी दुसरं घर पाहा."

पलीकडून फोन कट झाला. मीराबाई पदरात तोंड खुपसून रडल्या, आणि रोशनीला त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

रिपोर्टच्या दिवशी मोठे डॉक्टर खुशीत होते. "गाठीत एक बदल सापडला आहे. त्यावर गोळी चालते."

रोशनीनं आईचा हात दाबला. आईचा चेहरा काही खुलेना.

"हे एका तपासणीचं झालं," मीराबाई म्हणाल्या. "बाकी दोनचं काय?"

"बाकी दोन कुठल्या? तपासणी एकच केली. नावं तीन."

"आन् पोरीले?"

"पोरीचा काय संबंध? हा बदल फक्त गाठीत झालाय. तुम्ही जन्मताना तो आणला नाही, आणि मुलीलाही दिला नाही."

मीराबाईंना आनंद व्हायला हवा होता. "म्या तर लग्न मोडून टाकलं," त्या म्हणाल्या.

"आई, मले विचारलं काहून नाही?" रोशनीनं आईचा हात सोडला.

काय विचारणार होत्या? तीन नावांतल्या कोणत्या नावानं? त्यांनी गोपिकाबाईंना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सगळं उलट सांगितलं.

"त्या दिवशी हाय म्हणत होत्या, आज नाही म्हणून राहिल्या," गोपिकाबाई म्हणाल्या. "खरं काय धरू?"

मीराबाईंनी फोन डॉक्टरांपुढे सरकवला.

"हे बघा, ही जेनेटिक..." डॉक्टरांनी मीराबाईंकडे पाहिलं आणि ते थांबले. मग सावकाश म्हणाले, "ही गाठीची तपासणी आहे. घराण्याची नाही. मुलीला यातून काही येत नाही."

"मंग पयल्यांदाच असं काहून नाही सांगितलं, डॉक्टरसाहेब?" गोपिकाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी फोन मीराबाईंकडे परत सरकवला.

"मीराबाई हायेत का तिथं?" गोपिकाबाईंनी हळू आवाजात विचारलं. "त्या दिवशीचं म्या घरात कोणालेच सांगितलं नाही. माह्या तोंडातूनच निघालं नाही, बाई."