धरणाखालच्या गावाला पाचशे एमबी

हौशीराम आबांचा कॉम्प्युटर कुणी माझ्या दुकानात आणला असता, तर मी त्याला सरळ भंगारवाल्याचा पत्ता दिला असता. लोणावळ्यात माझं मोबाईल आणि सीसीटीव्हीचं दुकान आहे. तीस वर्षांपूर्वीच्या डब्यांशी डोकेफोड करायची मला हौस नाही. तरी त्या दिवशी मी दुकान बंद करून मळवलीला आबांच्या घरी गेलो, कारण आईने माझा पिच्छाच सोडला नाही.

आबा एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. कंपनीने नवीन मशीन घेतलं तेव्हा जुनं त्यांनी घरी आणलं, आणि रिटायर झाल्यापासून त्यावर आपल्या जुन्या गावाचा नकाशा काढत बसले आहेत. ते गाव माझ्या जन्माआधीच पवना धरणाच्या पाण्यात गेलं. आबा त्याच गावचे, आणि माझी आईही. आता नव्या गावठाणातल्या उत्सव कमिटीने ठरवलं होतं, की आबांचा नकाशा मोठा छापून देवळाच्या सभामंडपात लावायचा. शनिवारी तो छपाईला जाणार होता.

कमिटीतल्या कुणीतरी नकाशाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला. आईने तो दोन बोटांनी मोठा केला आणि इकडून तिकडे सरकवत राहिली. ओढ्याच्या अलीकडे पाटलांची आळी, देऊळ, पार, खळी, गोठे, सगळं जागच्या जागी होतं. पलीकडे, जिथे आमचा बुद्धवाडा होता, तिथे नुसतं पांढरं.

"माजं घर कुटंय ह्यात?" आई म्हणाली.

राहून गेलं असेल, असं मी म्हणालो. मग विचार त्यांना, असं तिने सांगितलं, आणि विचारेपर्यंत मला जेवायलाही धड वाढलं नाही. फोनवर आबा म्हणाले की कॉम्प्युटर गळ्यापर्यंत भरलाय, एक रेघ सेव्ह होत नाही. तू जागा वाढवून दे, मी लगेच काढतो. मला वाटलं, एवढंच ना!

एवढंच नव्हतं. त्या मशीनची डिस्क चारशे एमबीची. आजकाल बारशाचा व्हिडिओसुद्धा त्यात मावायचा नाही. एवढ्या जुन्या डिस्क आता मिळत नाहीत, म्हणून मी जुन्या कॅमेऱ्यातलं चार जीबीचं कार्ड एका अडॅप्टरवर बसवून नेलं होतं. ते जोडलं, तर स्क्रीन काळी. काढलं, तर मशीन सुरू. दोन डिस्कमध्ये थोरली कोण आणि धाकटी कोण, हे सांगणारी एक बारकी टोपी असते, ती मी चारदा बदलली. शेवटी मशीन सुरू झालं आणि म्हणालं, नवी डिस्क पाचशे चार एमबी.

मी चार जीबी घातले होते. उरलेले साडेतीन गेले कुठे? कार्ड काढून माझ्या लॅपटॉपला लावलं, चार. परत आत घातलं, पाचशे चार. माझं डोकंच चालेना. शेवटी पुण्यातल्या सत्यमला फोन केला, त्याला असल्या जुन्या मशीनचं वेड आहे. तो हसायलाच लागला. त्या मशीनला पाचशे चारच्या पुढे मोजताच येत नाही म्हणाला, तू समुद्र दिलास तरी ते तेवढंच बघणार. हे मला ऐकू आलं, पण पटलं नाही. समोर आहे ते दिसू नये, हा काय प्रकार?

तरी पाचशे एमबी म्हणजे आबांच्या रेघांना उदंड. मी नवी डिस्क तयार केली, नकाशाची प्रत तिच्यावर घेतली, सेव्ह करून दाखवलं आणि म्हणालो, घ्या आबा, काढा आता.

आबा बसले. ओढ्याचा काठ त्यांनी पुन्हा एकदा गिरवला. काठावर एक उंबर काढला. मग म्हणाले, माऊस अडकतोय. मी माऊस पुसून दिला. मग म्हणाले, चहा घेऊ. चहा झाला. ओढ्यापलीकडे तसंच पांढरं. आता माझं टाळकं सरकलं. मी म्हणालो, आबा, गोठ्यांना जागा होती, पारावरच्या दगडांना होती, आता तर हवी तेवढी आहे, मग नक्की अडतंय कुठे?

आबांनी माऊस सोडला. "डिस्क भरली हुती, त्ये खोटं न्हाई," ते म्हणाले. "पर अतुल, मी त्या गावात ल्हानाचा मोठा झालो आन् ओढ्याच्या पल्याड कदी पाऊल टाकलं न्हाई. घरात चालत नव्हतं. जे बगितलंच न्हाई, त्ये मापात कसं काढू?"

मला राग आला. पण कुणावर काढायचा ते कळेना. समोर सत्तरीचा म्हातारा, ज्याने निदान अंदाजपंचे दहा चौकोन ठोकले नव्हते. ठोकले असते तर आई खूश झाली असती, मीही घरी गेलो असतो. मग हा माणूस चांगला म्हणायचा की वाईट? स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकून मी म्हणालो, उद्या आईला घेऊन येतो.

दुसऱ्या दिवशी आई इस्त्रीची साडी नेसून आली. आबांनी तिला आपली खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. ओढ्यापासून किती लांब, तोंड कुठल्या दिशेला, अंगण केवढं, असं ते विचारत गेले आणि आई सांगत गेली. दुपारपर्यंत पलीकडे सगळी वस्ती उभी राहिली. आपल्या घरावर आईने बोट ठेवलं आणि म्हणाली, ह्येच. मला वाटलं, झालं काम, आणि मी तिच्या चपला शोधायला लागलो.

ती उठली नाही. तिने आबांना नकाशा अलीकडे सरकवायला लावला, थेट त्यांच्या स्वतःच्या घरापर्यंत, आणि बराच वेळ बघत राहिली.

"भाऊ, मागलं दार राह्यलं."

आमच्या घराला मागे दार होतं असं मला तरी आठवत नाही, असं आबा म्हणाले.

"हुतं. परसात. भाकरी वाढंस्तवर मी आयसंगं तितंच हुबी ऱ्हायची. तुमी पुढनं जायचा, तुमाला कसं दिसंल?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. मग त्यांनी माऊस धरला. नकाशात दार काढायचं तर ते कुठल्या बाजूला उघडतं हेही दाखवावं लागतं, म्हणून त्यांनी हलक्या आवाजात तेवढंच विचारलं.

"आत," आई म्हणाली. "भायेरनं आमी त्याला कदी हात लावला न्हाई."