लाल रेघेची जाडी

घरात खोल्या चार होत्या, दारं सात, खिडक्या नऊ, आणि पायरी एकही नव्हती. लॉरेन हॅवर्थने दोनदा मोजलं. मग सगळ्यात अरुंद दाराला टेप लावून बघितली आणि तिथेच उभ्या उभ्या नवऱ्याला फोन केला.

"ॲलन, तुझी खुर्ची आत येते. न्हाणीघरातसुद्धा."

"आत येण्याचं कौतुक नको सांगूस. बाहेर?"

"सरळ उतार. फाटक ओलांडलं की फुटपाथ."

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

पक्षाघातानंतरची दोन वर्षं ॲलनने चढावरच्या त्यांच्या जुन्या घरात, पुढच्या खोलीत काढली होती. दारापासून रस्त्यापर्यंत अकरा पायऱ्या. त्याला बाहेर काढायचं तर शेजारच्या दोघांना हाक मारावी लागे. चाकाची खुर्ची एका हाताने चालवायला तो शिकला होता, पण ती चालवायला जागा होती साडेतीन मीटर. त्याला आता एकच हवं होतं, कुणालाही न विचारता घराबाहेर पडायचं.

हे बैठं घर एका म्हातारीचं होतं. ती वारली आणि तिच्या भाच्याने ते विकायला काढलं. मागच्या बाजूला जुन्या दगडखाणीचा उभा कडा, त्यामुळे जायचा-यायचा रस्ता पुढूनच. शेजारच्या एंटविसल नावाच्या म्हाताऱ्यानेही ते मागितलं होतं, पण त्याची बोली कमी पडली.

व्यवहारासाठी लॉरेनने मिस पिलिंगना गाठलं. बेकरीच्या माडीवर त्यांची वकिली चाले. लॉरेनच्या वडिलांचं मृत्युपत्र त्यांनीच केलं होतं. मिस पिलिंगनी नकाशा टेबलावर पसरला. घराभोवती हद्दीची लाल रेघ होती.

"मी घर बघायला जात नाही," त्या म्हणाल्या. "कुठलाच वकील जात नाही. आम्ही रेघ बघतो. आणि ही रेघ अर्धा मिलिमीटर जाड आहे. या नकाशाच्या प्रमाणात जमिनीवर तिचे साठ सेंटिमीटरच्या वर होतात. तुमचं फाटक थेट सरकारी फुटपाथवर उघडतं की मध्ये दुसऱ्या कुणाची पट्टी आहे, ते यावरून कळत नाही. कौन्सिलला विचारलंय. तीन आठवडे लागतील."

"एका रेघेसाठी तीन आठवडे?"

"रेघेच्या जाडीसाठी."

घरी येऊन लॉरेनने त्यांची नक्कल केली. ॲलन पोट धरून हसला. "म्हणून तर बिनलग्नाची राहिली. नवऱ्याची मापं घेऊन होईपर्यंत तो म्हातारा झाला असणार."

दहाव्या दिवशी घर विकणाऱ्या दलालाचा फोन आला. रायन नाव त्याचं, पोरगा गोड बोलायचा.

"लॉरेन, खरं सांगू? एंटविसल अजून गळ टाकून बसलेत. भाचा फार थांबणार नाही. आमचे वकील घेतले असते तर आत्ता तुम्ही पडद्यांची मापं काढत असता. फीसुद्धा निम्मी."

"कुठे असतात हे तुमचे वकील?"

"असतात कुठेतरी. सगळं फोनवरच होतं हो, त्यांना भेटायचंय कशाला?"

लॉरेन माडी चढून गेली. काम काढून घेतल्याचं मिस पिलिंगना फोनवरही सांगता आलं असतं, पण तिला ते तोंडावर सांगायचं होतं. बाहेरच्या खोलीत दोन माणसं बसलेली होती आणि दार उघडं होतं.

"तुम्हाला कुणाचं घर व्हावं असं वाटतच नाही," ती म्हणाली. "तुम्हाला नुसते कागद चघळायचे असतात. माझा माणूस तिकडे खोलीत कुजतोय."

मिस पिलिंगनी पेनाला टोपण लावलं. "बरं. कौन्सिलचं उत्तर आलं की पाठवीन. त्याचे पैसे नाहीत."

नव्या वकिलांचं तोंड लॉरेनने कधीच पाहिलं नाही. फोनवर प्रश्न आला, नकाशा जागेशी जुळतो ना? बसच्या रांगेत उभ्या उभ्या तिने 'होय'वर बोट टेकवलं.

करार पक्का होण्याच्या चार दिवस आधी मिस पिलिंगचं जाड पाकीट आलं. लॉरेनने पोस्टमनकडे सही करून ते घेतलं.

"बिल असणार त्या थेरडीचं," ॲलन म्हणाला. "फोडू नकोस. चहा कडू होईल."

तिने ते बशांच्या खोक्यात तळाशी सरकवलं.

नव्या घरातल्या पहिल्या सोळा दिवसांत ॲलन एकेचाळीस वेळा बाहेर पडला. एकदा तर पावसात गेला आणि काही काम नव्हतं म्हणून गेला. एकदा पाव आणायला गेला आणि पाव न घेताच परत आला, पण त्याला ते सांगायलाही मजा वाटत होती.

सतराव्या दिवशी एंटविसल रुबार्बच्या देठांची घरी भाजलेली गोड पेस्ट्री घेऊन आला. त्याने टोपी काढली, पाय पुसले.

"घर मला द्या," तो म्हणाला. "लेकीसाठी हवंय. तुम्ही दिलेत त्याच्या तीन चतुर्थांश देईन. आत्ता देतोय. पुढे तेवढेही देणार नाही."

"लेकीला सांगा, रांगेत उभी राहा," ॲलन म्हणाला. "मी मेलो की नंबर लागेल."

एंटविसल मनापासून हसला. "अर्धं अंग गेलं, पण जीभ मात्र शाबूत आहे हं तुमची! बरंय. सोमवारी फाटकाबाहेर थोडं काम काढतोय. माझ्याच जागेत. आवाज झाला तर सांभाळून घ्या."

सोमवारी दोन माणसं फाटकासमोर खड्डे खणायला लागली. लॉरेनने बशांचं खोकं जमिनीवर पालथं केलं, चार बशा फुटल्या. पाकिटात कौन्सिलचं उत्तर होतं. फाटक आणि फुटपाथ यांच्यामध्ये अर्ध्या मीटरची पट्टी. एंटविसलच्या बापाने हा तुकडा विकला तेव्हा ती स्वतःकडे राखली होती. घराच्या मालकाला तिच्यावरून जाण्याचा हक्क होता, 'फक्त पायी'. खाली मिस पिलिंगच्या हस्ताक्षरात दोन शब्द होते. सही थांबवा.

लॉरेन तशीच माडीवर धावली.

"कोर्टात जाता येईल," मिस पिलिंग म्हणाल्या. "चाकाची खुर्ची म्हणजे त्याचे पायच, असं मांडता येईल. कदाचित जिंकालही. दोन वर्षं धरा."

"तुम्ही लढाल ना?"

"नाही."

"मी चुकले हो. पाया पडते तुमच्या."

"मी कागद चघळते, बाई. तुम्हाला घाईचा माणूस लागतो." त्यांनी उठून दार उघडलं. या वेळी बाहेर तिघंजण बसले होते.

ती घरी पोचली तेव्हा खांब उभे राहिले होते आणि एंटविसल शेवटच्या खांबाभोवतीची माती बुटाने दाबत होता.

"पायी जायला मुबलक वाट ठेवलीय," तो म्हणाला. "कायद्याबाहेर मी जात नाही. माझी बोली निम्म्यावर आली, तेवढं मात्र ध्यानात ठेवा."

ॲलन खुर्ची फाटकापर्यंत घेऊन आला होता. तो एंटविसलकडे बघत नव्हता.

"मोज," तो म्हणाला.

लॉरेनने टेप धरली. दोन खांबांमधली वाट छप्पन्न सेंटिमीटर भरली. खुर्ची, एका चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत, एकोणसत्तर.