लीलूच्या वाटचा रोट

लीलाधर अमेरिकेला निघाला तेव्हा अमळनेर स्टेशनवर त्याच्या गळ्यात सात हार पडले. मी मोजले. आठवा मी घातला, आणि तो मुद्दाम लहान आणला होता.

लीलू माझा चुलतभाऊ. माझ्याहून अकरा दिवसांनी मोठा. घर एक, चूल एक, शाळेतला बाक एक. शेतकी शिकायला धुळ्याला गेलो तर तिथेही खोली एकच. अमेरिकेचे अर्ज दोघांनी मिळून भरले. टाइप सगळे मी केले, कारण लीलूसाहेबांना टायपिंग येत नव्हतं. प्रवेश दोघांना मिळाला. मग मुंबईला व्हिसाच्या खिडकीसमोर उभे राहिलो, मी पुढे आणि तो मागे. माझा पासपोर्ट त्यांनी परत दिला, त्याचा ठेवून घेतला. झालं, आटोपलं.

मुंबईहून परतल्यावर गावच्या स्टँडवर उतरून घरापर्यंत मी चालत आलो, त्या वाटेवर सोळा जणांनी विचारलं, काय झालं रे गिरधर. सोळा वेळा सांगितलं. सतराव्याला मी म्हणालो, बरं झालं, घरातलं कुणीतरी चाललंय ना. साफ खोटं. माझ्या अंगाची आग आग होत होती. त्याची बॅग मी भरली, तिला कुलूपही मीच लावलं, आणि मनात म्हणत होतो, जा बाबा, तिथे तुझी चांगली जिरू दे.

देवानं ऐकलं. अठरा दिवसांनी, श्रावणातल्या शनिवारी, पोस्टमननं निळं एअरमेल माझ्या हातात ठेवलं. कोपऱ्यात लिहिलं होतं, फक्त गिरधरने उघडावे. मी गोठ्यात जाऊन उघडलं.

‘गिरधर, नानांना यातलं काही सांगू नको. इथे रात्री नऊपर्यंत ऊन असतं, भूक कधी लागायची तेच कळत नाही. खोलीत आणखी तिघं आहेत, ते आपसात तेलुगू बोलतात. पहिल्या दिवशी मी डाळीला मिरचीची फोडणी दिली. छताला एक यंत्र असतं, ते धुरानं बोंबलायला लागलं. सगळी इमारत रिकामी झाली. बंब आला. शंभर माणसं लॉनवर उभी राहून माझ्याकडे बघत होती. तेव्हापासून मी शेगडी पेटवली नाही. ब्रेड खातो आणि केळी. केळी हातभर लांब, चवीला नुसता कापूस. प्रोफेसर बोलतात त्यातलं निम्मं कळत नाही. काल लायब्ररीच्या संडासात बसून रडलो. मला इथे राहवत नाही. सव्वीस तारखेला नाव पक्कं करायचंय, त्याआधी निघालो तर निघालो. तू तार कर. ये म्हणालास तर येतो, राहा म्हणालास तर राहतो. तू सांगशील तेच करीन.’

तीनदा वाचलं. खोटं कशाला सांगू, पोटात गार वाटलं. फोडणीचं तर मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि म्हशीसमोर एकटाच हसलो. मग कागद घेऊन लिहिलं, ‘ये’. घडी करून खिशात टाकली. उद्या रविवार होता, म्हणजे तार सोमवारी. एवढं थांबायला माझी काही हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशची देवी, बसायची होती. कानबाईला आमच्या भावकीत घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात. तो सगळा एकत्र दळायचा आणि त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे. रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला कण द्यायचा नाही, आणि उरवायचे तर मुळीच नाहीत.

गहू काढायचं काम नानांचं. नाना म्हणजे लीलूचे वडील. लहानपणापासून माझी नजर त्यांच्या मुठीवर असायची. माझी खात्री होती की लीलूच्या नावाला ते मूठ जरा सैल धरतात आणि माझ्या नावाला घट्ट. एका वर्षी मी तसं बोलूनही दाखवलं होतं, आणि आबांनी म्हणजे माझ्या वडिलांनी सगळ्यांदेखत माझा कान पिळला होता.

त्या शनिवारी संध्याकाळी नाना पाटावर बसले. स्वतःचं नाव घेतलं, मग आबांचं. मग म्हणाले, “लीलाधर.” आणि मूठ तशीच धरून बसून राहिले.

आबा हळूच म्हणाले, “नाना, तो तर तठे अमेरिकामा शे.”

“गावमा नही म्हनीसन काय झायं? घरमा तर शे,” नाना म्हणाले, आणि त्यांनी गहू सुपात सोडला. त्यानंतर माझं नाव घेतलं. या खेपेला दोन्ही मुठींत काडीचा फरक नव्हता. मी अगदी टक लावून बघत होतो, फरक दिसला असता तर मला बरंच वाटलं असतं.

रविवारी नैवेद्य झाला आणि आम्ही जेवायला बसलो. मोठी माय, लीलूची आई, वाढत होती. ती माझ्यापाशी येऊन थांबली.

“गिरधर, लीलूना कागद उना म्हने. काय लिखेल शे?”

पोस्टमननं गावभर सांगितलेलं दिसत होतं. मी मान वर न करता म्हणालो, “मजेत शे.”

“खास पेस ना?” खातोपितो ना, एवढंच तिला हवं होतं.

“खास पेस.”

तिनं माझ्या ताटात माझा रोट ठेवला. त्यावर आणखी एक ठेवला. “हाऊ त्याना. त्याले सख्खा भाऊ नही, तूच शे. तुले खाना पडी. तुनं पोट भरनं म्हंजे त्यानं भरनं.”

घ्या. हार त्याला, विमान त्याला, आणि त्याच्या वाटचं गिळायला मी. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, खाणारच नाही, गुपचूप गव्हाणीत टाकतो. राहू दे त्याला उपाशी. मग मनात आलं, तो उपाशीच आहे. या घरात ते फक्त मला माहीत आहे, आणि मी आत्ताच खास पेस म्हणालो.

रोट दोन्ही सारखेच दिसत होते. मी विचारलं, “मोठी माय, यामा लीलूना कोनता?”

ती हसली. “पीठवर काय नाव लिखेल राहास का? बठ्ठं एकच शे. खाय.”

ती समोरून हलेना. मी घास घेतला. गंगाफळाची भाजी होती, लीलूला फार आवडते ती. मी खात होतो आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणजे माझ्याकडे नव्हतीच बघत. दुसरा रोट संपेपर्यंत ती उभी होती. मग पदरानं तोंड पुसून आत गेली.

खिशातली चिठ्ठी मला टोचत होती. तो आला की काय होईल ते मला अगदी स्वच्छ दिसत होतं. स्टँडवर उतरेल, घराकडे चालायला लागेल, आणि सोळा जण विचारतील, काय झालं रे लीलाधर. ती वाट मी चाललो होतो. त्यानंही ती चालावी अशी माझी इच्छा होती, अगदी मनापासून होती. घरी आल्यावर तो माझ्या शेजारी या ताटावर बसला असता आणि आम्ही दोघं पुन्हा सारखे झालो असतो. आणि मोठी माय मघाशी ज्या समाधानानं बघत होती तशी दोघांकडेही बघू शकली नसती.

सोमवारी सकाळी नदीवर कानबाईचं विसर्जन झालं. ओल्या पायांनीच मी अमळनेरची एसटी धरली. तार ऑफिसात फॉर्म घेतला आणि खिशातली चिठ्ठी काढली. ‘ये’. एवढंच उतरवायचं होतं. पाच मिनिटं तसाच उभा होतो. मागचा माणूस म्हणाला, भाऊ, लिहायचं असेल तर लिहा.

मी लिहिलं, तुझा रोट मी खाल्ला. तू राहा.

घरी परतताना मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका. चांगली हातात आलेली संधी होती. पण तार गेली होती.

लीलू राहिला. शिकला, तिथेच नोकरीला लागला, आता दोन पोरांचा बाप आहे. नाना गेले, मोठी मायही गेली. त्या पत्रातलं खरं तिला कधीच कळलं नाही. गहू आता मी काढतो. दर श्रावणात त्याचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की तो विचारतो, “खाल्ला का रे?”

मी म्हणतो, खाल्ला. त्याच्या नावाची मूठ मी जरा घट्टच धरतो, हे मात्र त्याला सांगितलेलं नाही. आणि अजूनही त्याच्या रोटाचा पहिला घास घेताना पोटात जळतं. मग मी दुसरा घेतो.